सुट्टीत बघू

सोहमचा फोन आला तेव्हा मी इथे शारजात, शाळेच्या ग्रंथालयात मुलांनी परत केलेली पुस्तकं जागेवर लावत होते. माझा हा धाकटा भाऊ कामाच्या वेळात कधी फोन करत नाही, म्हणून मी लगेच उचलला. त्याच्या बायकोला, ऋजुताला, नुकताच मुलगा झाला आहे, दुबईतच. सोहम म्हणाला, "ताई, बाळाची जीभ माझ्यासारखीच आहे म्हणे. टंग-टाय, खालून जखडलेली. फीड करताना ऋजुताला खूप पेन होतं. डॉक्टर म्हणतात कट करता येईल, पण डिसिजन तुमचं. माझ्या वेळी आईने काय केलं होतं गं?" मी म्हटलं, संध्याकाळी सांगते.

आईला विचारायचे प्रश्न हल्ली माझ्याकडे येतात. तिला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. बाबा आता पुण्यात असतात, आणि हा प्रश्न त्यांना विचारावा असं सोहमला का वाटलं नाही कोण जाणे, बरंच झालं. संध्याकाळी मी त्याला काय सांगितलं ते ओघाने येईल. पण फोनवर जे सांगता आलं नाही ते फार होतं, आणि मला बोलण्यापेक्षा लिहिणं बरं जमतं. म्हणून मी शारजातल्या त्या जुन्या घराकडे परत जाते आहे, जिथे सोहम जन्मला तेव्हा मी नववीत होते.

घर चौथ्या मजल्यावर होतं. एक झोपायची खोली, एक हॉल, आणि हॉलच्या कोपऱ्यात पुस्तकांच्या कपाटाआड माझी गादी. खिडकीत बसवलेला एसी वर्षातले आठ महिने घरघरत असायचा; त्याच्यावरून बोलायची सवय लागल्यामुळे आम्ही पुण्याला गेलो की सगळे म्हणायचे, हळू बोला, आम्ही बहिरे नाही. खाली एक लॉन्ड्री होती आणि तिच्याशेजारी मलबारी कॅफेटेरिया, तिथून तळणाचा वास थेट वर यायचा. आईला घड्याळ लागायचं नाही. कोपऱ्यावरच्या मशिदीतली दुपारची, असरची बांग झाली की ती डाळ-तांदूळ धुवायची, सूर्यास्ताला मगरिबची झाली की म्हणायची, "बाबा आता निघाले असतील." बाबा दुबईच्या अल क्वोज भागातल्या एका गोदामाच्या ऑफिसात होते. ते निघाले असतील हे खरं असायचं, पण घरी कधी पोचतील ते रस्त्यालाच माहीत. दुबई-शारजाचा तो जॅम म्हणजे आमच्या घरातला पाचवा माणूस होता. त्याच्यावरच सगळ्यांची जेवणं अवलंबून असायची.

आमच्या घरात, आणि आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत, एक रीत होती. तिला कुणी रीत म्हणत नसे. काहीही बिघडलं, दुखलं, तुटलं, की म्हणायचं, "सुट्टीत बघू." सुट्टी म्हणजे जुलै, म्हणजे पुणे. मिक्सरचं भांडं गळायला लागलं की ते फडक्यात गुंडाळून पलंगाखाली जायचं, जुलैत पुण्याच्या दुकानात दुरुस्त व्हायला. बाबांचं घड्याळ, आईच्या ब्लाउजांची शिलाई, कुकरची शिट्टी, सगळं बॅगांतून जायचं आणि बॅगांतून यायचं. माणसांचंही तेच. माझा चष्म्याचा नंबर वाढला की मी पहिल्या बाकावर बसायचे आणि जुलैची वाट पाहायचे. बाबांची एक दाढ किडली होती. ते वर्षभर लवंग धरून उजव्या बाजूने जेवले. इथे डॉक्टर नव्हते असं नाही. चांगले होते. पण "आपले डॉक्टर" तिकडे होते, जे बाबांना लहानपणापासून अरे-तुरे करत आले होते. इथलं सगळं तात्पुरतं, व्हिसा तात्पुरता, घर तात्पुरतं. मग शरीर तरी इथलं कसं मानायचं? असा विचार कुणी बोलून दाखवला नाही. आम्ही तो जगत होतो, एवढंच. आणि त्यात एक गंमतही होती. जुलैत विमानातून उतरणारी आमची माणसं म्हणजे दुरुस्तीला आलेलं सामानच असायचं.

सोहम फेब्रुवारीच्या शेवटी झाला. आजीचे गुडघे गेलेले, ती येऊ शकली नाही, म्हणून बाळंतिणीचं जेवण बाबा आणि मी करायचो. आजी फोनवरून सांगायची, बाबा रिसीव्हर खांद्यात धरून ढवळायचे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, आणि शेपूची भाजी, जी आम्हांला इराणी दुकानात मिळाली. तिथला शेपू जाड, उंच, पुण्याच्या शेपूचा थोरला भाऊ वाटावा असा. बाबांनी डिंक तळताना पहिल्यांदा करपवला, दुसऱ्यांदा कच्चा ठेवला, आणि आई तो कच्चा लाडू कुडुमकुडुम चावत म्हणाली, "छान झालाय हो, दात मजबूत होतील. तुमचे नाहीत, निदान माझे तरी." त्या घरात मी आईला मोकळेपणाने हसताना पाहिलं त्यातलं ते शेवटचं काही असेल. नंतरही ती हसायची. पण ते हसणं आम्हांला बरं वाटावं म्हणून असायचं, आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

सोहम प्यायला लागला की एक आवाज यायचा. टक्, टक्. जिभेने टाळूवर वाजवावं तसा. एसीच्या घरघरीतूनही तो मला कपाटाआड ऐकू यायचा. बाळ ओढायचं, सुटायचं, परत धरायचं, तास तास छातीशी असायचं आणि उपाशीच राहायचं. आईला जखमा झाल्या. ती पाजायला बसली की टॉवेलचं टोक दातांत धरायची आणि मला हाक मारायची. "अनू, पुस्तक घेऊन ये. वाच." मी वाचायचे. एक जाडजूड कादंबरी होती, मुखपृष्ठ फाटलेली, कुणीतरी भारतात परत जाताना आम्हांला देऊन गेलेली. मी वाचत असताना मध्येच आईचा श्वास अडकायचा, मी थांबायचे, आणि ती डोळे मिटून म्हणायची, "थांबू नकोस. पुढे वाच." त्या कादंबरीत काय होतं ते आज मला जवळजवळ आठवत नाही. तिच्या कुठल्या पानांवर मी थांबले होते ते मात्र आठवतं.

बाळाचं वजन वाढत नव्हतं, म्हणून एका शुक्रवारी आम्ही चौघं डॉक्टरांकडे गेलो. औषधांच्या दुकानावर दवाखाना, आणि डॉक्टर एक केरळी बाई, केस पिकलेल्या, आवाज मऊ. त्यांनी करंगळी सोहमच्या तोंडात घालून जीभ उचलली आणि आईला वाकून पाहायला सांगितलं. मीही पाहिलं. जिभेच्या खाली एक पातळ पांढरट पडदा होता, आणि त्याच्या ओढीने जिभेचं टोक मध्ये खेचलं जाऊन बदामासारखं दिसत होतं. सुंदर दिसत होतं, खरं सांगायचं तर. डॉक्टरांनी हिंदीत समजावलं. सगळ्यांना कापावं लागतं असं नाही. काही मुलं अशीच चांगली पितात, मोठी होतात, बोलतात. पण हे मूल पीत नाही आणि आईला जखमा आहेत, म्हणून करून घ्या असंच त्यांचं मत. लहान काम आहे. कापलं की लगेच छातीशी लावायचं.

बाबांनी नीट ऐकून घेतलं. ते प्रत्येकाचं नीट ऐकून घ्यायचे. मग म्हणाले, "डॉक्टर, जुलाई में हम इंडिया जा रहे हैं. वहाँ हमारे फैमिली डॉक्टर हैं."

डॉक्टर आईकडे पाहत राहिल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मार्च होता. "सोच लीजिए," त्या म्हणाल्या. "लेकिन बहुत दिन मत सोचिए."

 घरी येताना पुलावर जॅम लागला तेव्हा गाडीत बाबा आरशातून आईकडे बघत म्हणाले, "एवढीशी जीभ. इथल्यांचा काय भरवसा, यांना कापायचंच असतं." बाबा वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते. एवढंसं बाळ, एवढीशी कात्री, आणि काही चुकलं तर आयुष्यभर बोलण्यात दोष. आणि तेही परक्या मुलखात, जिथे भांडायला, जाब विचारायला, निदान धीर द्यायला आपलं कुणी नाही. आज माझ्या वयाने मला ती भीती समजते. तेव्हा मला फक्त आईचा चेहरा दिसत होता. ती खिडकीबाहेर बघत होती आणि बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

मग आठवडाभर आमच्या घरात फक्त जीभ होती. आजीने फोनवर सांगितलं की जिभेला लोखंड लावायचं नाही. वेखंड उगाळून मधाचं बोट चाटवा, जीभ आपोआप सुटते, आमच्यात सगळ्यांना असंच केलं. बाबांच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की त्याच्या पुतण्याची जीभ अशीच होती आणि तो आता वकील आहे. आईने आपलं मत एकदाच सांगितलं. बाबा जेवत होते, उजव्या बाजूने. ती म्हणाली, "अहो, मला वाटतं करून घ्यावं. मला होत नाही आता."

बाबांनी घास खाली ठेवला. "मला कळत नाही का? माझी दाढ मी वर्षभर घेऊन बसलोच आहे ना? चार महिने आहेत फक्त. एकदा पुण्याला गेलो की आपल्या माणसांत, आपल्या डॉक्टरांकडे, शांतपणे करू."

आई "बरं" म्हणाली आणि त्यांना भात वाढला. ती भांडली असती तर काय झालं असतं हा प्रश्न मी पुष्कळ वर्षं उलटसुलट करून पाहिला आहे. पण तिला बाबांची भीती नव्हती. तिला वाटलं, आपलं दुखणं म्हणजे आपली हौस; मुलाच्या जिभेचा निर्णय आपल्या दुखण्यावरून कसा घ्यायचा? आणि तिचंही अर्धं मन त्याच रीतीत वाढलं होतं. तीही गळकं भांडं पलंगाखालीच ठेवायची.

एकच माणूस स्पष्ट बोललं. समोरच्या फ्लॅटमधल्या सलमाभाभी, मूळच्या राजापूरच्या, नवऱ्याचा इथे कपड्यांचा धंदा, चार मुलांची आई. त्या रोज दुपारी येऊन सोहमला मांडीवर घ्यायच्या, कधी माशाचं कालवण माझ्यासाठी चोरून आणायच्या, कारण बाळंतिणीच्या घरात ते शिजत नव्हतं. त्यांच्या धाकट्याची जीभ त्याच केरळी डॉक्टरीणबाईंनी कापली होती. आईने त्यांना जुलैचं सांगितलं तेव्हा त्या बाळाला थोपटता थोपटता थांबल्या.

"वयनी," त्या म्हणाल्या, "दूध काय तुमच्या जुलैची वाट बघीत रवायचा नाय."

आई हसली, त्या नव्या हसण्याने. म्हणाली, "बघू. इन्शाल्ला." सलमाभाभी हसल्या नाहीत.

एप्रिलात आईला ताप आला, एका बाजूला गाठ धरली, औषधं झाली. बाळासाठी डबा आणला, पावडरचा, फक्त रात्रीपुरता म्हणून. मग दुपारपुरता. बाटलीला जीभ लागत नाही तितकी. सोहम बाटली घटाघटा प्यायला आणि कित्येक आठवड्यांनी पोटभर झोपला. बाबांना किती बरं वाटलं ते मला आठवतं. ते झोपलेल्या बाळाजवळ बसून राहिले, त्याच्या मुठीत बोट देऊन. "बघ," ते मला म्हणाले, "उगाच घाई केली असती." आई स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होती. ती आता मला वाचायला बोलवत नव्हती. कादंबरी अर्धी राहिली होती. मी एकदा आपण होऊन पुस्तक घेऊन गेले, तर ती म्हणाली, "राहू दे. आता कशाला?" उन्हाळा चढत गेला, एसी थांबेनासा झाला, आणि मेमध्ये कधीतरी तिचं दूध गेलं. कुठल्या दिवशी ते तिलाच माहीत. तिने ते जाहीर केलं नाही. छातीवर धरायचे घडी केलेले पंचे दोरीवर दिसेनासे झाले, त्यावरून मला कळलं.

जुलैत आम्ही पुण्याला गेलो. मिक्सरचं भांडं, घड्याळ, माझा चष्मा, बाबांची दाढ आणि सोहमची जीभ. आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गर्दी होती. त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली, "काय रे शेख," म्हणाले, आणि सोहमचं तोंड उघडून पाहिलं. जीभ जखडलेली आहे खरी, म्हणाले. बाबा म्हणाले, "आलोच आहोत तर करून टाका." आता मला माहीत आहे की त्या दिवशी ते करायची फारशी गरज उरली नव्हती. तो बाटलीवर चांगला वाढत होता. बोलण्याचं पुढे बघता आलं असतं. ज्या कारणासाठी करायचं होतं ते कारण संपलं होतं. पण जुलै आला होता, आणि जुलैत ते करायचं असं ठरलेलं होतं.

सिस्टरने बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळलं. डॉक्टरांनी जिभेखाली काहीतरी लावलं, दिव्याखाली वाकले, आणि आम्ही श्वास रोखेपर्यंत झालंही. सोहम एकदा किंचाळला आणि रडायला लागला, कापसावर रक्ताचा एक ठिपका. डॉक्टरांनी पुढच्या मुलाला आत बोलावलं. सिस्टरने बाळ आईच्या हातात दिलं, कोपऱ्यातला हिरवा पडदा दाखवला आणि म्हणाली, "जा, लगेच पाजा. रक्त थांबतं आणि बाळ शांत होतं."

 बाबा डॉक्टरांच्या टेबलावरच्या काचेखालची चित्रं बघत होते. पिशवीत बाटली होती. ती माझ्या खांद्यावर होती. आई बाळाला घेऊन पडद्याआड गेली, आणि मी तिच्यामागे गेले.

आत एक स्टूल होतं. ती बसली. मी बाटली काढायला लागले तर तिने मानेने नको म्हटलं. तिने पदर घेतला आणि रडणाऱ्या सोहमला छातीशी लावलं. त्याने धरलं. पहिल्यांदा नीट धरलं. तो टक् आवाज आला नाही. काही क्षण तो ओढत राहिला, जोर लावून, डोळे मिटून, जसं मूल पितं तसा. आई त्याच्याकडे बघत होती. मग त्याने सोडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा रडायला लागला. तिने दुसऱ्या बाजूला लावलं.

"अनू," ती म्हणाली, "वाच काहीतरी."

माझ्याजवळ पुस्तक नव्हतं. भिंतीवर लसींचा तक्ता होता, कोपरे मुडपलेला. मी तो वाचायला लागले. जन्मल्यावर अमुक, दीड महिन्याने अमुक, अडीच महिन्यांनी अमुक. पडद्याबाहेर पुढच्या कुणाचं तरी मूल रडत होतं. माझा आवाज बिघडला तेव्हा ती म्हणाली, "पुढे वाच," आणि मी पाच वर्षांपर्यंत वाचत गेले. तक्ता संपल्यावर तिने हात पुढे केला आणि मी तिला बाटली दिली.

त्या दिवसाबद्दल आमच्या घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. संध्याकाळी बाबांची दाढ काढली. सोहम मोठा झाला, वेळेवर बोलायला लागला, चुरूचुरू बोलतो, मराठीत कमी आणि इंग्रजीत जास्त. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आईच्या छातीत गाठ लागली, तेव्हा आई-बाबा अजून शारजातच होते. सोहमच्या वेळची जुनी गाठ असेल, असं तिला वाटलं. मला सांगितलं तेव्हा मार्च उजाडला होता. मी म्हटलं, उद्याच जाऊ. ती म्हणाली, "अगं, जुलैत जातोच आहोत." मी तिला त्याच आठवड्यात इथल्या डॉक्टरांकडे नेलं, बाबांशी भांडून नेलं, पण तेव्हाही उशीर झालेलाच होता. शेवटच्या दिवसांत पुण्याच्या हॉस्पिटलात मी तिच्याजवळ बसून वाचायचे. ती ऐकत होती की नाही मला ठाऊक नाही. तिने थांब म्हटलं नाही, आणि पुढे वाच असंही म्हटलं नाही.

संध्याकाळी मी सोहमला फोन केला. हे सगळं सांगणार होते. सांगितलं एवढंच, की आईला तुझ्या वेळी फार त्रास झाला; तुमचं कापायचं ठरो की न कापायचं, पण ऋजुताला आणि बाळाला घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांना पुन्हा भेट, पाजताना दाखवा, आणि ठरवून टाका.

"अगं ताई, चिल," तो म्हणाला. "नेक्स्ट मंथ आईच्या वर्षश्राद्धाला सगळे पुण्याला जातोच आहोत ना? तिथे दाखवू नीट. आपले डॉक्टर आहेत. इथल्यांचा काय भरवसा, ह्यांना कापायचंच असतं."

हे वाक्य त्याने कुठून घेतलं? बाबांनी ते गाडीत म्हटलं तेव्हा तो आईच्या मांडीवर होता.

मी म्हटलं, "सोहम, दूध जुलैची वाट बघत नाही."

तो हसला. "जुलै? ताई, ऑक्टोबर चाललाय. कुठल्या पुस्तकातलं आहे हे?"

  त्याचं हसणं ओसरलं, आणि त्याच्यामागून, एसीच्या घरघरीतून, तो आवाज येत होता. टक्, टक्.